साठीतला सौदागर आणि होप स्ट्रीटचे नाटकघर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रॉय थॉमसन या गृहस्थांना कुणी ऐकवली नसावी. टोरांटोतल्या एका न्हाव्याचा हा मुलगा. उत्तर ओंटॅरिओतल्या खाणींच्या मुलखात रेडिओ केंद्रे आणि लहानसहान वर्तमानपत्रे चालवून श्रीमंत झाला, आणि १९५३ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ‘द स्कॉट्समन’ विकत घेऊन एडिंबरोला आला. पुढे त्याने आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावच ‘आफ्टर आय वॉज सिक्स्टी’. त्या पुस्तकामुळे मी १९५७ या सालाच्या नादी लागलो.

स्कॉटलंडमध्ये दूरचित्रवाणी तेव्हा नवी नव्हती. १४ मार्च १९५२ रोजी कर्क ओ’शॉट्सच्या मनोऱ्यावरून बीबीसीचे प्रक्षेपण सुरू झाले होते. मात्र पडद्यावर दिसे ते बहुतांशी लंडनचे. ज्या जॉन लोगी बेअर्डने हे यंत्र जगाला दाखवले तो ग्लासगोजवळच्या हेलेन्सबरोचा. त्याच्या मुलखाला स्वतःचा आवाज ऐकायला मात्र थांबावे लागले.

१९५४च्या कायद्याने जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्यांना वाट मिळाली. २२ सप्टेंबर १९५५ला लंडनमध्ये आयटीव्ही सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षात कंपन्यांना जबर तोटा झाला. मध्य स्कॉटलंडच्या परवान्यासाठी थॉमसन भागीदार शोधत होता तो नेमक्या याच काळात. तो अनेक स्कॉटिश धनिकांकडे गेला; बहुतेकांनी नकार दिला. शेवटी सुमारे ८० टक्के भाग त्याच्याकडेच राहिले.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लेखक थेट त्या प्रसिद्ध वाक्यावर उडी मारतात : असा परवाना म्हणजे स्वतःच्या नोटा छापण्याची मुभा, असे थॉमसन काही काळाने बोलून गेला. ते वाक्य आयुष्यभर त्याच्या मानगुटीवर बसले. हाव होतीच, मी ती नाकारत नाही. पण स्कॉटलंडच्या आकाशातला नफा एका कॅनेडियनाच्या खिशात गेला, अशी तक्रार पुढे झाली तेव्हा माझ्यासारख्या वाचकाला विचारावेसे वाटते, की तो दारात आला होता तेव्हा थैलीची गाठ कुणी सोडली नाही? तोट्याच्या भीतीने जे घरात बसले, त्यांच्याकडे इतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही.

स्टुडिओसाठी त्याने ग्लासगोच्या होप स्ट्रीटवरचे थिएटर रॉयल घेतले. १८६७ पासूनचे नाटकघर ते. जिथे पडदा वर जाई तिथे आता कॅमेरे आले. ३१ ऑगस्ट १९५७च्या संध्याकाळी तिथूनच ‘धिस इज स्कॉटलंड’ हा उद्घाटनाचा कार्यक्रम झाला. सूत्रधार होता चित्रपटांतला दाढीवाला धिप्पाड नट जेम्स रॉबर्टसन जस्टिस. गंमत म्हणजे आदल्याच दिवशी, ३० ऑगस्टला, बीबीसीने स्कॉटलंडचे छोटेसे बातमीपत्र दूरचित्रवाणीवर सुरू केले होते. स्पर्धक दाराशी आला की घरच्यांना घरची आठवण होते!

खरी लोकप्रियता मिळाली ती ‘द वन ओ’क्लॉक गँग’ला. गाणी, थट्टामस्करी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, थेट. लॅरी मार्शल त्याचा चेहरा. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी कार्यक्रम १९६५ पर्यंत चालला. आज त्याचे फारसे काही पाहायला मिळत नाही, कारण थेट दाखवलेले जपून ठेवण्याची रीतच नव्हती. मालकाच्या एका वाक्यावर पानेच्या पाने आहेत, आणि ग्लासगोची घरे रोज दुपारी कशावर हसत होती ते हाती लागत नाही, याची मला हळहळ वाटते.

थिएटर रॉयलचे मात्र नशीब बलवत्तर. १९६९ साली तिथे आग लागली, ती विझवताना अग्निशमन दलाचा एक जवान दगावला. वाहिनी पुढे शेजारच्या नव्या इमारतीत गेली, जुनी वास्तू स्कॉटिश ऑपेराने घेतली, आणि ऑक्टोबर १९७५मध्ये तिथला पडदा पुन्हा वर गेला.