गुलाबी बोंडअळीचा पतंग जगभर पोचला कसा?



गुलाबी बोंडअळी कापूसवाल्याला दाखवावी लागत नाही. पण तिचा पतंग किती जणांनी ओळखून पाहिलाय? करडा-तपकिरी, बोटाच्या पेराहून लहान. दिवसा मातीच्या भेगेत नाहीतर पालापाचोळ्यात दडतो, रात्री उडतो. मीसुद्धा कित्येक वर्षं चिलट म्हणून सोडून दिला.

शास्त्राच्या पुस्तकात हा पतंग आला तो शेजारच्या गुजरातेतल्या भडोचहून. तिथल्या कपाशीवरचे नमुने विलायतेला गेले आणि १८४३ साली सॉंडर्स या इंग्रज अभ्यासकानं त्याचं वर्णन केलं. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानातून इजिप्तला गेला, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ ला अमेरिकेच्या टेक्सासात.

एवढा समुद्र तो उडून गेला का? नाही. सरकीत बसून गेला. ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत महिनोन्महिने झोपून राहते. म्हणजे तिला गावोगाव, देशोदेशी माणसानंच पोचवलं.

अमेरिकेनं तिच्याशी शंभर वर्षं झुंज दिली. बीटी बियाणं, कामगंध, विमानातून सोडलेले वांझ पतंग, आणि ठरल्या मुदतीत पऱ्हाटी गाडणं, हे सगळं सगळ्यांनी मिळून केलं. २०१८ साली तिथं ही कीड संपल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडं उलटं झालं. २००२ ला बीटी आलं, २००६ ला दोन जनुकांचं आलं, आणि आपण निर्धास्त झालो. २०१७ ला महाराष्ट्रात बोंडं फोडली तर आत कवडी कापूस!

माझी चूकही सांगतो. त्या साली दोन पैसे जादा मिळतील म्हणून मी मार्चपर्यंत फरदड ठेवली, वेचलेला कापूस घरात पडून होता. उन्हाळ्यात रात्री दिव्याभोवती तेच बारके पतंग फिरत होते. पुढच्या हंगामात पहिल्या फुलांतच डोमकळ्या दिसल्या. बाहेरून कोणी आणली नव्हती, मीच घरात सांभाळली होती.

म्हणून फरदड नको. डिसेंबरअखेर रान मोकळं करा, पऱ्हाटी बांधावर रचू नका, घरात आणि जिनिंगवर कामगंध सापळे लावा. एकट्यानं करून भागत नाही, शिवारानं मिळून करावं लागतं.

तुमच्या शिवारात पऱ्हाटी कधी निघते?