सॉकेट, प्रोसेसरचे

सॉकेट, प्रोसेसरचे : संगणकाच्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसविण्यासाठी केलेली, विद्युत् संपर्काची छिद्रे वा पिना असलेली बैठक. प्रोसेसर डाख न देता बसविता यावा व पुढे बदलता यावा, हा तिचा हेतू होय. पिन प्रोसेसरला असावी की मदरबोर्डाला, या एका प्रश्नाभोवती तिचा बराचसा इतिहास फिरतो. कारण पिन ज्याची, नुकसानही त्याचेच होते.

आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील व्यक्तिगत संगणकात इंटेल ८०८८ हा दोन ओळींत ४० पाय असलेला प्रोसेसर सॉकेटात बसविलेला असून शेजारी ८०८७ या गणिती साहाय्यकासाठी दुसरे सॉकेट रिकामे ठेवलेले असे. ८०३८६ (१९८५) ला १३२ व ८०४८६ (१९८९) ला १६८ पिना होत्या. इतक्या पिना एकाच वेळी दाबून बसविताना मदरबोर्ड वाकत असे व उपसून काढताना पिना वाकत. त्यावर तरफेचे सॉकेट हा उपाय निघाला. तरफ वर केली की छिद्रे सैल होतात आणि खाली केली की पिना घट्ट धरल्या जातात. पेंटियमच्या काळातील ‘सॉकेट ७’ (३२१ छिद्रे) याच प्रकारचे होते. त्यात इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर चालत. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. पुढे ती राहिली नाही. १९९७ मध्ये पेंटियम-२ साठी २४२ संपर्कांची उभी खाच आली, परंतु साठवण-स्मृती प्रोसेसरच्या चकतीतच सामावू लागल्यावर तिचे प्रयोजन संपले व सपाट सॉकेट परतले.

खरा पालट २००४ मध्ये झाला. इंटेलच्या ७७५ संपर्कांच्या सॉकेटात पिना प्रोसेसरवरून मदरबोर्डावर गेल्या आणि प्रोसेसरच्या पाठीवर केवळ सोन्याचा मुलामा दिलेल्या सपाट टिकल्या उरल्या. यामुळे संपर्क दाट बसविता येतात व विद्युत् मार्ग आखूड होतो. एएमडीने मेजावरील संगणकांसाठी हीच रचना २०२२ मध्ये, १,७१८ संपर्कांच्या सॉकेटात स्वीकारली. तांत्रिक कारणे खरी असली, तरी नाजूक भाग प्रोसेसर बनविणाऱ्याकडून मदरबोर्ड बनविणाऱ्याकडे गेला, हेही तितकेच खरे.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ झाली आणि मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (डॉ. भडकमकर मार्ग) व दिल्लीतील नेहरू प्लेस येथे जुळणीचा धंदा वाढला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या अभ्यासक्रमांमुळे तालुक्याच्या गावीही संगणक-केंद्रे निघाली. राजुऱ्यासारख्या, वर्धा नदीपलीकडील कोळसा व सिमेंटच्या पट्ट्यातील गावाला नागपूरची बाजारपेठ दीडशे किमी.हून अधिक दूर आहे. वाकलेल्या पिनेचा दोष हमीत बहुधा बसत नाही. त्यामुळे मदरबोर्ड टाकावा की पिन सरळ करावी, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ कुतूहलाचा राहत नाही. चंद्रपूर भागात उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर जातो. तापमानाने प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून चिकटतो आणि पिना प्रोसेसरला असलेल्या जुन्या प्रकारात उष्णताशोषक ओढताच प्रोसेसरही बंद सॉकेटातून उपसून येतो. म्हणून संगणक काही वेळ चालवून लेप मऊ करावा, नंतर वीज तोडून उष्णताशोषक हलके पिळत काढावा, अशी कारागिरांची रीत आहे.

प्रोसेसरची वाकलेली पिन शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीच्या पोकळ टोकात धरून सरळ करता येते. सॉकेटातील पिनेचे काम अवघड असते. ती वाकड्या स्प्रिंगसारखी असून दोन पिनांतील अंतर १ मिमी.च्या आसपास वा त्याहूनही कमी असते. तिरपा उजेड टाकला असता सर्व पिनांची टोके एकसारखी चमकतात व वाकलेली तेवढी वेगळी दिसते. भिंगाखाली बारीक सुईने ती थोडीथोडी उचलावी लागते. मागेपुढे वारंवार वाकविल्यास मोडते. मोडली तरी सर्वस्व जातेच असे नाही. कित्येक पिना वीजपुरवठा व भूसंपर्क यांसाठी एकाच कामाच्या अनेक असतात व त्यांतील एक गेल्याने संगणक बहुधा चालू राहतो. स्मृतीच्या वाहिनीची पिन गेल्यास मात्र त्या वाहिनीच्या खाचांतील स्मृती दिसेनाशी होते व उरलेल्या खाचांवर काम भागवावे लागते. शेवटचा उपाय सॉकेट बदलण्याचा. ते डाखाच्या सूक्ष्म गोळ्यांवर बसविलेले असल्यामुळे सर्व गोळ्या एकसमान वितळविणारे यंत्र लागते आणि जुन्या मदरबोर्डाच्या बाबतीत हा खर्च क्वचितच परवडतो.

हाताळणीशिवायही सॉकेट बिघडते. २०२३ मध्ये एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरांना मदरबोर्डाकडून अधिक विद्युत् दाब मिळून प्रोसेसर व सॉकेट दोन्ही जळाल्याची प्रकरणे घडली. त्यानंतर प्रोसेसरच्या एका भागाचा दाब १·३ व्होल्टपुरता मर्यादित करण्यात आला. २०२१ मधील इंटेलच्या १,७०० संपर्कांच्या सॉकेटात चौकटीच्या दाबाने प्रोसेसर किंचित वाकत असल्याचे आढळले व बदली चौकटी बाजारात आल्या. नव्या मदरबोर्डाच्या सॉकेटावर असलेले प्लॅस्टिकचे झाकण प्रोसेसर बसविल्यावर बहुतेक जण टाकून देतात. मदरबोर्ड हमीसाठी परत पाठविताना उत्पादक तेच झाकण लावून पाठविण्यास सांगतात.