कोच
हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात पंधराव्या शतकात उत्तम घोडागाड्या बनत. गावाचं नाव गाडीला लागलं, युरोपभर फिरून इंग्रजीत आलं, आणि १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये परीक्षा पार करून देणाऱ्या खासगी शिक्षकाला ते चिकटलं. मैदानावर ते नंतर पोचलं. आपल्याकडे रेल्वेचा डबाही कोच आणि क्रिकेटचा गुरूही कोच, ते या प्रवासामुळेच.

आता करिअर आणि आयुष्य मार्गी लावणारेही कोच आहेत. या नावावर कायद्याचा पहारा नाही, पाटी कुणीही लावावी. म्हणूनच १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची मानकं मला मोलाची वाटतात: प्रत्यक्ष कोचिंगचे पहिल्या पायरीला किमान १०० तास, दुसरीला ५००, तिसरीला २५००, शिवाय प्रशिक्षण, परीक्षा आणि गोपनीयता जपणारी आचारसंहिता. क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर यांचं मोठेपण कुठल्या प्रमाणपत्रातून आलं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण त्यांचं काम शिवाजी पार्कवर सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले आणि धावफलक त्याची साक्ष देई. बंद दाराआडच्या संभाषणाला असा धावफलक नसतो. प्रमाणपत्र कौशल्याची हमी देत नाही, हे मान्य. मात्र विश्वासघात झाला तर तक्रार कुठे न्यायची, ते ठिकाण त्यामुळे मिळतं.