अमेरिकेच्या यादवींतील मृतांची मोजदाद

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्यांतील मृतांची मोजणी मात्र पुढें दीडशें वर्षें चाललीच आहे. फॉक्स व लिव्हरमोर या, उत्तरेच्या सैन्यांत लढलेल्या दोघां गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी दप्तरें धुंडाळलीं. त्यांच्या शोधांतून दोन्ही पक्षांचे मिळून सुमारें ६,२०,००० सैनिक मेले, हा आंकडा रूढ झाला. मीही तो वर्गांत वर्षानुवर्षें घोकून घेतला. पण दक्षिणेचे पुष्कळ कागद नष्ट झालेले. शिवाय घरीं परतून रोगानें वारलेला शिपाई कोणत्या पटावर चढणार?

२०११ सालीं डेव्हिड हॅकर या इतिहासकारानें खानेसुमारी हातीं घेतली. युद्धाच्या दशकांत स्त्रियांच्या मानानें तरुण पुरुष किती कमी उरले, हें त्यानें मागच्यापुढच्या दशकांशीं ताडून पाहिलें. युक्ति साधी, पण सुचावी लागते! उत्तर आलें सुमारें ७,५०,०००; मात्र तें साडेसहा ते साडेआठ लक्षांच्या दरम्यान कोठेंही असूं शकेल, असें त्यानेंच बजावलें. हा प्रांजळपणा मला फार आवडला. गुलामगिरींतून सुटून लष्करी छावण्यांच्या आश्रयास आलेल्या ज्या स्त्रिया व मुलें रोगराईनें मेलीं, तीं यांपैकीं कोणत्याच बेरजेंत नाहींत.