५०० मिली म्हणजे किती कप? आधी बघा, कुणाचा कप!

मागच्या वर्षी आईचा फोन आला, "अरे, चायनाग्रासच्या पाकिटावर ५०० मिली दूध लिहिलंय. म्हणजे किती कप?" मी मोबाईलवर बघून लगेच सांगितलं, दोन कप आणि वर थोडं. आईने घरातल्या चहाच्या कपाने मोजलं. तो जेमतेम १५० मिलीचा. पुडिंग एवढं घट्ट झालं की सुरीने कापावं लागलं. इंजिनीअर मुलाची चांगलीच फजिती!

मोबाईलचं उत्तर चूक नव्हतं, पण ते अमेरिकन कपातलं होतं. अमेरिकेतला कप २३६.६ मिलीचा, आणि तिथल्याच पाकिटांवरच्या पोषणमाहितीत तो २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००. राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा कप तर बहुतेक वेळा १८० मिलीचा असतो. म्हणजे तेच ५०० मिली अमेरिकेत २.११ कप, ऑस्ट्रेलियात बरोबर २ आणि जपानमध्ये अडीच. त्यामुळे कन्व्हर्टर वापरताना कपाच्या नावावर टॅप करून कोणता कप निवडलाय ते बघा. रेसिपी कुठल्या देशातली आहे तेही बघा.

घरच्या वाटीचं माप काढणं सोपं आहे. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडा आणि त्याच वाटीने काठोकाठ मोजत पातेल्यात ओता. चार वाट्या भरल्या तर तुमची वाटी १२५ मिलीची. डिजिटल वजनकाटा असेल तर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाणी भरा; जितके ग्रॅम, तितके मिली. (पाण्यासाठीच हं. तेल हलकं असतं, मध जड.) पुढे रेसिपीतल्या मिलीला या आकड्याने भागलं की झालं.

रेसिपीत सगळंच कपात दिलं असेल तर मात्र कुठलीही एक वाटी घ्या, प्रमाण बिघडत नाही. अडचण येते ती अर्धं कपात आणि अर्धं मिली-ग्रॅममध्ये असतं तेव्हा.

चमच्यांचंही तसंच. टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५, पण ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा!

एका ठिकाणी हा हिशोब अजिबात करू नका: ओआरएस. काही पाकिटं एक लिटर पाण्यासाठी असतात, काही छोटी २०० मिलीसाठी. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात आणि लहान मुलांना ते घातक ठरू शकतं. तिथे पाकीट वाचा आणि मिलीच्या खुणा असलेलं भांडं किंवा एक लिटरची पाण्याची बाटलीच घ्या.