जखमी माणूस कड्यावरून उतरवताना : बचाव-स्ट्रेचरचा शतकभराचा इतिहास

१/ कड्यावर जायबंदी झालेल्या माणसाला दोराने खाली आणता येते, हे गिर्यारोहकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र खाली येईपर्यंतच्या प्रवासाचाच त्याच्या देहावर काय परिणाम होतो, याचा विचार डोंगरात बराच उशिरा सुरू झाला. तो कसा सुरू झाला आणि त्यातून आजचे बचाव-स्ट्रेचर कसे घडले, हे या धाग्यात पाहू.

२/ सन १९२८. इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराच्या पूर्वेला, क्राउडन गावाजवळ, ‘लॅडो रॉक्स’ नावाचे कडे आहेत. तेथे चढाई करत असलेला एडगर प्रायर हा आरोहक, वरून पडलेल्या दुसऱ्या व्यक्तीचा धक्का लागून खाली कोसळला. त्याच्या मांडीचे हाड मोडले. सोबत्यांनी हाताला लागेल त्या सामानातून कसेबसे स्ट्रेचर रचले आणि खाचखळग्यांच्या माळावरून कित्येक तास वाहून त्याला खाली आणले.

३/ प्रायर वाचला, पण त्याचा पाय कापावा लागला. मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीतील शल्यविशारद डॉ. विल्सन हेय हे स्वतः गिर्यारोहक होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष सोबत्यांना जिव्हारी लागणारा होता : पडण्याने झाले नाही इतके नुकसान वेदनाशामकाविना झालेल्या त्या प्रवासाने केले आणि पाय गमावण्यासही तोच प्रवास कारणीभूत ठरला.

४/ हे कसे घडते? मांडीचे हाड शरीरातील सर्वांत लांब व मजबूत. ते मोडले की भोवतालचे बळकट स्नायू आखडतात आणि मोडलेली टोके एकमेकांवर चढतात. वाहणाऱ्याच्या प्रत्येक ठेचेसरशी ही टोके मांस व रक्तवाहिन्या फाडत राहतात. कातडी शाबूत असली तरी मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. वेदना, रक्तस्राव आणि थंडी एकत्र आली की रक्ताभिसरणच कोलमडू लागते. वैद्यकात यालाच ‘शॉक’ म्हणतात.

५/ रणांगणाने हा धडा आधीच गिरवला होता. लिव्हरपूलचे अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी पायाला ताण देऊन हाड स्थिर ठेवणारी एक लोखंडी चौकट बनवली होती. त्यांच्या हयातीत तिची फारशी कदर झाली नाही. त्यांचे भाचे सर रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात तिचा आग्रहाने पुरस्कार केला.

६/ युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांपैकी बहुतेक दगावत. १९१७ च्या आरासच्या लढाईत, जखमीला हलवण्यापूर्वीच ही ‘थॉमस स्प्लिंट’ बांधण्याची शिस्त लागल्यावर, अशा सुमारे हजार रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले. उपचारांतील इतर सुधारणांचाही त्यात वाटा होता. पण ‘आधी स्थिर करा, मगच हलवा’ हे सूत्र तेव्हापासून पक्के झाले.

७/ आरमारांपुढे वेगळीच अडचण होती. जहाजाच्या तळाशी, इंजिनघरात भाजलेला किंवा जखमी झालेला खलाशी उभ्या शिडीतून आणि अरुंद झडपेतून वर कसा काढायचा? ब्रिटिश आरमारातील शल्यविशारद जॉन नील रॉबर्टसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यावर तोड काढली. जपानी आरमारातील बांबूच्या स्ट्रेचरवरून त्यांना ती सुचली असे सांगतात.

८/ जाड किंतानाला बांबूच्या किंवा लाकडाच्या उभ्या पट्ट्या शिवलेल्या. रुग्णाला त्यावर निजवायचे, कडा त्याच्या अंगाभोवती गुंडाळायच्या आणि पट्टे आवळायचे. असा घट्ट बांधलेला माणूस दोराने सरळ उभा वर ओढता येई. अटलांटिकपलीकडे अमेरिकी आरमाराचे चार्ल्स स्टोक्स यांनी साधारण त्याच सुमारास तारेच्या जाळीची, माणसाच्या आकाराची खोल टोपली बनवली. आजही दोर-बचावात सर्वत्र दिसणाऱ्या ‘बास्केट स्ट्रेचर’चा मूळपुरुष तोच.

९/ म्हणजे १९२८ पर्यंत सैन्याकडे स्प्लिंट होती आणि आरमाराकडे दोराने उचलता येईल असे स्ट्रेचर होते. डोंगरात मात्र कुंपणाचे खांब, पाठपिशव्या, दारांची फळकुटे यांवरच भागत होते. प्रायरच्या अपघाताने ही उणीव उघडी पाडली.

१०/ मँचेस्टरचा ‘रकसॅक क्लब’ आणि लेक डिस्ट्रिक्टमधील ‘फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लब’ यांनी मिळून एक संयुक्त स्ट्रेचर समिती नेमली. नव्या स्ट्रेचरचा आराखडा युस्टेस थॉमस यांनी केला. स्प्लिंटवाले थॉमस वेगळे, हे वेगळे. हे मँचेस्टरचे अभियंते होते, दूरवरच्या डोंगरचालीतील विक्रमवीर होते आणि आल्प्समधील ४००० मीटरांवरील शिखरे पालथी घातलेले आरोहकही होते.

११/ त्यांचे ‘थॉमस स्ट्रेचर’ १९३० च्या दशकाच्या आरंभी आकाराला आले. हलक्या धातूच्या नळ्यांची चौकट, त्यावर ताणलेले किंतान आणि खाली लाकडी धावपट्ट्या. दगडधोंड्यांच्या उतारावर ते घसरत नेता येई आणि जमिनीवर टेकवले तरी दगड रुग्णाच्या पाठीला लागत नसत. मुठी आत सरकवता येत. शिवाय खांद्यावर घ्यायचे पट्टे असल्याने वाहणाऱ्यांचे हात काही काळ मोकळे राहत. पुढे काही दशके ब्रिटनच्या डोंगरांत हेच स्ट्रेचर मुख्यतः वापरात राहिले.

१२/ १९३३ साली गिर्यारोहण संस्थांची एक प्रथमोपचार समिती उभी राहिली. पुढे तीच ‘माउंटन रेस्क्यू कमिटी’ झाली. डोंगरपायथ्याची हॉटेले, शेतघरे, पोलीस ठाणी अशा ठिकाणी स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवण्याची प्रथा पडली. अपघात झाला की सोबत्यांनी धावत जाऊन ते सामान आणायचे, अशी ही साधी व्यवस्था होती.

१३/ पेटीतील एका वस्तूवरून मात्र संघर्ष पेटला. ती वस्तू म्हणजे मॉर्फिन. घातक औषधांच्या कायद्यानुसार ते डॉक्टरांच्या ताब्याबाहेर ठेवणे गुन्हा होता. हेय यांचे म्हणणे असे की डॉक्टर कड्यावर पोहोचेपर्यंत रुग्णाची वाट लागलेली असते. वेदना तिथेच, हलवण्यापूर्वीच, शमवली पाहिजे. सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बचाव-ठाण्यांना मॉर्फिन पुरवणे चालू ठेवले.

१४/ १९४९ साली त्यांच्यावर खटला भरला गेला आणि दंड झाला. हेय यांना तो गाजायलाच हवा होता. न्यायालयात ते हरले. पण प्रश्न चव्हाट्यावर आला आणि लवकरच शासनाने बचाव-ठाण्यांना मॉर्फिन बाळगण्याची मुभा दिली. स्ट्रेचरच्या इतिहासात हा खटला महत्त्वाचा आहे. वेदना सहन करणे हा आता रुग्णाच्या धैर्याचा विषय उरला नाही. ती शमवणे हे बचावकर्त्याचे कर्तव्य ठरले.

१५/ आल्प्समध्ये विचार दुसऱ्या दिशेने चालला होता. तिथले कडे हजारो फुटांचे. तिथे तागाचा दोर अपुरा पडे. जर्मनीचे लुडविग ग्रामिंगर आणि ऑस्ट्रियाचे वास्टल मारिनर यांच्यासारख्या बचावतज्ज्ञांनी पोलादी तारेचा वापर रुळवला. ऑगस्ट १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर, अडकलेल्या क्लाउडिओ कॉर्ती या इटालियन आरोहकाकडे आल्फ्रेड हेलेपार्ट शिखरावरून तारेने ३०० मीटरांहून अधिक खाली उतरले आणि त्याला पाठीवर बांधून वर घेऊन आले.

१६/ त्या बचावाचा गाजावाजा जगभर झाला. पण पाठीवर बसवून नेण्याला मर्यादा आहे : रुग्णाला बसता आले पाहिजे. मांडी, कंबर किंवा पाठीचा कणा मोडलेला माणूस आडवाच न्यावा लागतो. त्यामुळे तारेच्या पराक्रमानंतरही स्ट्रेचर सुटले नाही. स्कॉटलंडमध्ये हॅमिश मॅकइनिस यांनी घडीचे धातूचे स्ट्रेचर बनवले. पुढे लेक डिस्ट्रिक्टमधून दोन भागांत सुटे होणारे, पाठीवर वाहून नेता येणारे ‘बेल स्ट्रेचर’ आले.

१७/ आता दोराकडे वळू. उभ्या कड्यावर स्ट्रेचर लोंबकळते तेव्हा त्याच्या चौकटीला चार ठिकाणांहून पट्टे जोडून ते वर एका बिंदूत आणतात. सोबत एक साहाय्यक त्याच दोरावर लटकतो. तो पायांनी कड्याला रेटा देऊन स्ट्रेचर खडकापासून दूर ठेवतो, रुग्णाचा चेहरा पाहत राहतो, त्याच्याशी बोलतो. रुग्णाला उलटी झाली तर त्याला कुशीवर वळवणारा तिथे दुसरा कोणी नसतो. कारण बांधलेल्या माणसाला स्वतः मान फिरवणेही शक्य नसते.

१८/ सर्वांत कठीण टप्पा म्हणजे कड्याचा काठ. आडवे स्ट्रेचर सपाटीवरून पोकळीत जाताना दोर धारेवर वळतो, घासतो. स्ट्रेचर एकीकडे कलते आणि एकाएकी खाली धसते. म्हणून दोर उंचावरून घेण्यासाठी तिकाटणे उभारतात आणि धारेवर गादी किंवा रोलर ठेवतात. अनुभवी पथकांचा निम्मा वेळ या एक-दोन मीटरांसाठीच खर्ची पडतो.

१९/ आणि दोर तुटला तर? एका दोरावर भार, दुसरा सुरक्षेसाठी, ही पद्धत रूढ झाली. पण सुरक्षेचा दोर खरोखर थांबवेल का, हे कोणी तपासले नव्हते. १९८० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या बचावकर्त्यांनी कसोटी ठरवली : २०० किलो वजन, ३ मीटर दोर आणि १ मीटर मुक्त पतन. हे २०० किलो म्हणजे रुग्ण, साहाय्यक आणि स्ट्रेचर. पतन पुढच्या १ मीटरच्या आत थांबले पाहिजे. एकट्या आरोहकाला सांभाळणाऱ्या अनेक प्रचलित पद्धती या कसोटीवर उतरल्या नाहीत.

२०/ देहाची स्थिती हाही अभ्यासाचा विषय झाला. दोरावर निश्चल लटकलेले आरोहक मोठी जखम नसतानाही का मरतात, याची चर्चा १९७२ साली इन्सब्रुक येथील बचाव-डॉक्टरांच्या परिषदेत झाली. पाय हलले नाहीत की रक्त खाली साचते आणि हृदयाकडे कमी परतते. यामुळेच स्ट्रेचर शक्य तेथे आडवे ठेवतात. गुहेच्या अरुंद विवरात मात्र ते उभे करण्यावाचून गत्यंतर नसते.

२१/ जून २०१४ मध्ये जर्मनीतील रीसेंडिंग गुहेत, सुमारे १००० मीटर खोलीवर, दगड पडून एका संशोधकाच्या डोक्याला गंभीर इजा झाली. अपघात ८ जूनचा. त्याला बाहेर आणले १९ जूनला. पाच देशांतील सातशेहून अधिक माणसे या कामात गुंतली होती. वाटेत मुक्काम ठरवले होते, डॉक्टर सतत सोबत होते. रुग्णाची प्रकृती पाहूनच पुढचा टप्पा ठरे. तो वाचला. १९२८ च्या त्या धांदलीच्या प्रवासापासून किती अंतर कापले गेले, हे येथे दिसते.

२२/ आपल्याकडे हा विषय परका नाही. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून आणावे लागते. दुसरा उपाय नसताना झोळीने अगणित जीव वाचवले आहेत. पण झोळीत कणा वाकतो आणि मोडलेल्या मांडीला आधार मिळत नाही. सह्याद्रीत लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवी पथके दरीत पडलेल्यांना दोराच्या साहाय्याने वर आणतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हेय यांनी मांडलेला प्रश्नच असतो.

२३/ म्हणून गडावर किंवा घाटात कोणी पडले तर आधी स्वतःची जागा सुरक्षित करावी. वाहते रक्त दाबून धरावे, जखमीला उबदार ठेवावे, ११२ किंवा १०८ वर कळवावे. दगड कोसळत असतील किंवा पाणी चढत असेल तर हलवणे भागच आहे. एरवी चार जणांनी हातपाय धरून उचलण्याची घाई करू नये. प्रायरचे सोबती निष्काळजी नव्हते. त्यांनी जिवाचे रान केले होते. त्यांच्याजवळ साधन नव्हते आणि ज्ञानही नव्हते. आज दोन्ही उपलब्ध आहेत.

(समाप्त)