कॅप्टनच्या नावाचं क्रियापद

१८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. पिकं बुडाली होती. लॉर्डसाहेब दहा टक्क्यांवर अडले आणि त्यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात एनिसच्या सभेत आयरिश पुढारी पार्नेलने एक तोडगा सांगितला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला हात लावू नका, नुसतं एकटं पाडा. लोकांनी तो कारभाऱ्यावरच चालवला. गडीमाणसं काम सोडून गेली, लोहार आणि धोबीण येईनात, दुकानदार माल देईना, टपाल आणणाऱ्या पोरालाही दमदाटी झाली. पीक शेतात उभं. शेवटी कॅव्हन आणि मोनाघनहून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजारांच्या घरात खर्च आला! २७ नोव्हेंबरला बॉयकॉटने मेयो सोडलं, तर डब्लिनच्या हॉटेलवाल्याला त्याला ठेवून घेतल्याबद्दल धमकीचं पत्र.

शब्द मात्र जेवणाच्या टेबलावर जन्मला. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. या प्रकाराला म्हणायचं काय? 'ऑस्ट्रॅसिझम' हा खापरावर नाव कोरून माणूस हद्दपार करणाऱ्या अथेन्सचा शब्द, शेतकऱ्यांच्या जिभेला जड. मग फादर जॉन ओमॅली म्हणाले, त्याला 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर? नोव्हेंबरात शब्द वर्तमानपत्रांत होता. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला.

मराठीला ही उसनवारी करायची गरज नव्हती. 'वाळीत टाकणं' आपल्याकडे होतंच, फक्त दिशा उलटी. मेयोत दुबळ्यांनी सत्तेला वाळीत टाकलं. आपल्याकडे जात आणि गाव मिळून एखाद्या घराला टाकत. ती दिशा फिरवली टिळकांच्या १९०६ च्या चतुःसूत्रीने: तिच्यातला बहिष्कार विलायती मालावर होता. आणि १९२७ साली आंबेडकरांनी पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं, कारण वाळीत टाकलेल्यांनाही बोलायचं होतं.

जुनी दिशा अजून बुजलेली नाही. म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.